आमचे नाक, त्यांची फूटपट्टी

रिद्धपूरला महानुभावांची काशी म्हणतात, हे आपल्या महाविद्यालयात कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. मोर्शी तालुक्यातले हे गाव. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य इथले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले तेही याच परिसरात. मराठी गद्याचा पाया कुठे घातला गेला असे कोणी विचारले, तर आपण वऱ्हाडातले विद्यार्थी मोठ्या अभिमानाने रिद्धपूरकडे बोट दाखवतो. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले, आणि या गावाचे नाव भाषणाभाषणांतून गाजले.

याच गावाविषयी एका प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथात काय छापले आहे, ते आता पाहू. १९१६ साली 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया' हा चार खंडांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. लेखक आर. व्ही. रसेल हे सनदी अधिकारी, आणि त्यांचे सहायक रायबहादूर हिरालाल. त्यात 'मानभाव' या नावाखाली एक नोंद आहे. हा पंथ वऱ्हाडात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्थापन झाल्याचे सांगितले जाते, असे ती नोंद म्हणते. रितपूर, म्हणजे आपले रिद्धपूर, हे त्याचे मुख्य ठाणे. पंथाचे लोक मात्र स्वतःला हजार वर्षांचे समजतात, असेही पुढे नोंदवले आहे. पंथाच्या उगमाविषयी एक निंदेची कथाही तिथे सापडते. ती पुन्हा छापण्याचे कारण नाही.

दोनशे वर्षे! म्हणजे अठराव्या शतकाचा आरंभ. आणि रिद्धपूरच्या मठांत तेव्हा सांकेतिक लिपीत लिहिलेल्या पोथ्या शतकानुशतके जपलेल्या होत्या. त्यांतले लीळाचरित्र हरि नारायण नेने यांनी १९३६च्या सुमारास छापायला घेतले, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांचे संपादन राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. तेव्हा पाचशे वर्षांची चूक दुरुस्त झाली, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण माझे समाधान तेवढ्याने होत नाही. चूक कोणाकडूनही होते. मला खटकते ती त्या नोंदीतली वाक्यरचना. 'सांगितले जाते' हे कोणी सांगितले, याचा पत्ता नाही, आणि तरी ते आधी येते. 'ते स्वतः म्हणतात' हे नंतर येते, आणि त्यातून वाचकाने जे समजायचे ते समजून घ्यावे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचे म्हणणे दुय्यम आणि लिहिणाऱ्याचे म्हणणे मुख्य, ही त्या काळच्या ज्ञानाची रीत होती. वसाहतवादी दृष्टी म्हणजे काय, हे समजून घ्यायला परदेशी ग्रंथांची उतरंड लागत नाही. आपल्याच गावावरची ही एक नोंद पुरे आहे.

ही रीत एकट्या रसेलसाहेबांची नव्हती. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले होते. सगळ्या हिंदुस्थानची जातवार पाहणी करण्याची योजना त्यांच्याच काळात आखली गेली, आणि त्या योजनेतूनच प्रांतोप्रांती असे ग्रंथ निघाले. रिस्लेसाहेबांचा भर नाकावर होता. नाकाची रुंदी घ्यायची, तिला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. हा झाला नासिकांक. अंक जितका लहान तितके नाक सरळ आणि जात वरची; अंक जितका मोठा तितके नाक बसके आणि जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. म्हणजे जात ही समाजाने केलेली व्यवस्था नसून वंशाने दिलेली देणगी आहे, असे शास्त्राच्या भाषेत सांगण्याची सोय झाली. इंग्रजांना ते सोयीचे होते, हे उघड आहे. पण आपल्याकडच्या वरच्या जातींनाही ते काही कमी सोयीचे नव्हते. आम्हीही आर्य, तुम्हीही आर्य, आपण लांबचे भाऊबंद, असे साहेबाला म्हणता येत होते!

याला उत्तर देणारे महाराष्ट्रात निघाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांचे दुःख अटलांटिकपलीकडच्या काळ्या माणसाच्या दुःखाशी जोडणारी ही नजर त्या काळात किती दुर्मिळ होती, याचा विचार करावा. आर्य बाहेरून आले, ही साहेबांची गोष्ट जोतीरावांनी नाकारली नाही, तर उलटी केली. बाहेरून आलेले श्रेष्ठ कसे? ते तर आक्रमक! मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात रिस्लेच्या मोजमापांची शास्त्रीय छाननी केली. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांवर व १९४८ साली अस्पृश्यांवर लिहिलेल्या ग्रंथांत वंशाचा सगळा डोलाराच पाडला. त्यांनी नाकांची आकडेवारी टाकून दिली नाही, तीच हातात घेतली. मापे पाहता ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड, असे त्यांनी दाखवून दिले. साहेबाच्या फूटपट्टीने साहेबाचाच सिद्धांत मोडला.

म्हणजे उत्तर देण्याच्या वाटा दोन. एक, समोरच्याचे हत्यार घेऊन ते त्याच्यावरच उलटवणे. दुसरी, त्याची चौकट सोडून आपल्या अनुभवाने बोलणे. शब्दांत हे काम पुष्कळ झाले. डोळ्यांचे काय? साहेबाने आपल्याला नुसते लिहिले नाही, आपली चित्रे आणि छायाचित्रेही काढली. ग्रंथ वाचणारे थोडे, चित्र पाहणारे असंख्य. मजकूर विसरला जातो, चित्र डोक्यात राहते. म्हणून आजचे चित्रकार काय करीत आहेत, इकडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीही लक्ष द्यायला हवे, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकात माणसे मोजण्यासाठी छायाचित्राची एक पद्धत निघाली होती. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पडद्यापुढे माणसाला उभे करायचे आणि चौकटी मोजून त्याच्या अंगाची मापे काढायची. अंदमानात पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या आदिवासींची अशी छायाचित्रे काढली. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' नावाची चित्रमालिका केली. तीत त्या स्वतःच त्या चौकटींच्या पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रविवर्म्याची लक्ष्मीही त्याच झाल्या आणि साहेबाने मोजलेली आदिवासी बाईही त्याच. पाहणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. कारण आता पडद्यापुढे उभी असलेली बाई नमुना नाही. तिला नाव आहे, ती शिकलेली आहे, आणि ती आपल्याकडे पाहते आहे. मोजणारा कोण आणि कशासाठी मोजत होता, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. ही झाली पहिली वाट, हत्यार उलटवण्याची.

अमेरिकेत कॅरी मे वीम्स यांनी हेच वेगळ्या रीतीने केले. १८५०मध्ये लुई अगासी या शास्त्रज्ञाने काळ्या गुलामांची उघडी छायाचित्रे काढवली होती, मानववंश वेगवेगळे असल्याचे सिद्ध करण्यासाठी. वीम्स यांनी १९९५-९६मध्ये तीच छायाचित्रे लाल रंगात बुडवून, त्यांवर आपले शब्द कोरून पुन्हा मांडली. पुरावा म्हणून काढलेले चित्र आरोपपत्र झाले. आपल्या विदर्भाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. २०२१ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ इथला 'आर्टेस मुंडी' पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला. त्यांत या वीम्स होत्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावचे प्रभाकर पाचपुतेही होते. ज्या वेल्समध्ये कोळशावर साम्राज्य पोसले, त्याच वेल्समध्ये आपल्या खाणीकाठचा मुलगा कोळशाने चित्रे काढून मान मिळवतो. आपल्या वर्तमानपत्रांत याची बातमी किती ओळींची आली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

दुसऱ्या वाटेचे चित्रकार आपल्या अधिक जवळचे आहेत. नागपूरचे सवी सावरकर. नागपुरात आणि बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवले. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. पेशवाईतल्या या रिवाजाचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केलेला आहे. त्यांच्या चित्रांत देवदासी येते, धर्माची चिन्हे येतात. रेषा ओबडधोबड, रंग दाट. सुंदर दिसावे असा प्रयत्नच नाही.

ही चित्रे रसेलसाहेबांच्या ग्रंथाशेजारी ठेवून पाहावीत, असे मला वाटते. ग्रंथात महार हे एक प्रकरण आहे: पोटजाती, लग्नाच्या चाली, गावातली कामे, समजुती. सगळे कसे शांतपणे, क्रमवार लिहिलेले! जणू ही माणसे झाडांसारखी तिथे उगवली आणि त्यांच्या वाट्याला आलेली कामे हा त्यांचा स्वभावच होता. सावरकरांच्या चित्रात तोच माणूस आहे, पण त्याच्या गळ्यातले मडके कोणीतरी बांधलेले आहे. बांधणाऱ्याचा हात चित्रात दिसो वा न दिसो, तो होता हे पाहणाऱ्याला विसरता येत नाही. ग्रंथ ज्याला 'चाल' म्हणतो त्याला चित्र 'जुलूम' म्हणते. वसाहतवादी इतिहासाला याहून नेमके उत्तर मला दुसरे दिसत नाही. साहेबाचा उल्लेखही न करता त्याची सगळी वर्गवारी इथे निकालात निघते.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. या विषयावर बोलताना आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो: साहेब वाईट, त्याने आमचा इतिहास बिघडवला, आम्ही तो दुरुस्त करू. टाळ्या पडतात. पण रिद्धपूरविषयीची ती निंदेची कथा साहेबाने लंडनहून आणली नव्हती. ती त्याला इथल्याच कोणी सांगितली. एवढेच नव्हे, ती निंदा आपल्या भाषेत आजही जिवंत आहे. 'मानभावी' हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो? वरून साधा, आतून लबाड. 'करणी कसायाची, बोलणी मानभावाची' ही म्हण शाळेच्या पुस्तकांतून पाठ करून आपण मोठे झालो. 'महानुभाव' या आदराच्या शब्दाची ही गत कोणी केली? मराठीचे आद्य गद्य ज्यांनी दिले, स्त्रियांना आणि सगळ्या जातींना ज्यांनी शिष्य केले, महदाइसेसारखी कवयित्री ज्यांच्यात झाली, त्यांचेच नाव मराठीने शिवीसारखे वापरले. गोविंदप्रभू रिद्धपुरात अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही वावरत. साहेबाच्या कानावर गेलेल्या कथेत पंथाची बदनामी करण्यासाठी खालच्या मानलेल्या जातीशी संबंध जोडलेला आहे. म्हणजे बदनामीचे माप कोणते? तर जात. ते माप आमचे. साहेबाने त्याला शाई आणि छापखाना दिला.

म्हणून माझे म्हणणे असे की, वसाहतवादी दृष्टीला आव्हान देणे म्हणजे फक्त परक्याला आव्हान देणे नव्हे. ज्याला हे अर्धेच जमते त्याचे आव्हान लवकरच आत्मस्तुतीत बदलते. परक्याची नजर ही मुळात वाईट असते, असेही मी मानत नाही. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने मराठी शिकून, महानुभाव वाङ्मय वाचून, गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध केला. तिथे पंथाचे म्हणणे पंथाच्या शब्दांत येते. फरक कातडीच्या रंगाचा नाही. एकाने माप लावले, दुसरीने ऐकून घेतले, एवढाच तो फरक आहे.

या मतावर काही आक्षेप येतील. रसेल-हिरालालांनी एवढी माहिती गोळा केली नसती तर आज आपल्याला कितीतरी गाणी, चाली, शब्द ठाऊकच झाले नसते, असे एक म्हणेल. खरे आहे. तो ग्रंथ जाळावा असे कोणी म्हणत नाही. तो वाचावा, पण साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा वाचावा. दुसरा म्हणेल, या चित्रकारांची चित्रे दिल्ली-मुंबईच्या दालनांत आणि परदेशात लागतात, आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला त्यांचा काय उपयोग? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर चित्रकारांनी नव्हे, आपण द्यायचे आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत ही चित्रे, निदान त्यांच्या प्रतिकृती, भिंतीवर लावायला कोणाची मनाई आहे?

कारण प्रश्न दूरचा नाही, आपल्या अंगणातला आहे. आपल्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' असते. त्यात तोंडाला काळा रंग फासून, कमरेला पाने बांधून, हातात भाले घेऊन आपले मित्र ओरडत रंगमंचावर येतात. सभागृह हसते. त्याच सभागृहात मेळघाटातून शिकायला आलेली आपली कोरकू मित्रमंडळी बसलेली असतात. कोरकूंची स्वतःची भाषा आहे, स्वतःची नृत्ये आहेत. त्यांना तोंड काळे करावे लागत नाही. तो फासलेला रंग कुठून आला? तो साहेबाच्या चौकटीच्या पडद्यावरून सिनेमात आला आणि सिनेमातून आपल्या रंगमंचावर.

आणि घरात? लग्नाच्या जाहिरातीत वधू 'गोरी' हवी. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली आपले नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. बाटलीवरचा शब्द गेला, मनातला गेला का? ज्या विठ्ठलाला आपण काळा म्हणून आळवतो, ज्या कृष्णाचे नावच काळा, त्याचे भक्त सुनेच्या रंगावरून नाक मुरडतात! अजिंठ्याच्या भिंतीवर सावळ्या स्त्रिया राजवाड्यात बसलेल्या आहेत, त्यांना कोणी दासी केलेले नाही. पुढे १८९४ साली मुंबईत सुरू होऊन मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने गोऱ्यापान देवी घराघरांत पोचवल्या, आणि त्याच आपल्याला अनादिकालाच्या वाटू लागल्या.

तेव्हा केवळ टीका करून थांबू नये, म्हणून तीन सूचना करतो. प्राध्यापक मंडळींनी त्यांचा विचार करावा. पहिली: पुढच्या स्नेहसंमेलनात तोंड काळे करून केलेले नृत्य नको, कोरकू विद्यार्थ्यांना वाटले तर त्यांनी आपले नृत्य आपल्या रीतीने करावे, आणि त्याची माहितीही त्यांनीच सांगावी. दुसरी: आपण वऱ्हाडातल्या जातीजमातींवरच्या जुन्या इंग्रजी नोंदी वाचाव्यात, आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत त्यांच्यापैकी एकेकाने 'आम्ही स्वतः म्हणतो' या शीर्षकाखाली याच वार्षिकात आपले उत्तर लिहावे. रिद्धपूरच्या मठांत जाऊन, परवानगी घेऊन, महंतांचे म्हणणे नोंदवावे. कोरकू, महार, मांग, बंजारा, गोंड, आणि हो, ब्राह्मण आणि कुणबीही. मोजायचे तर सगळ्यांनाच मोजू, ऐकायचे तर सगळ्यांचेच ऐकू. तिसरी: पुष्पमाला, सावरकर, पाचपुते यांच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे एक छोटे प्रदर्शन वाचनालयाच्या व्हरांड्यात मांडावे, आणि त्याशेजारी १९१६च्या ग्रंथाचे पान उघडून ठेवावे. भाषणाची गरज पडणार नाही.

नाकाची फूटपट्टी साहेब इथेच ठेवून गेला. ती सापडल्यावर मोडून टाकायची, की आपापसांत वापरत राहायची, हे ठरवण्याचे काम आता त्याचे नाही.